क्वीन लतीफा श्रवण-प्रदर्शन, पुणे : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

आवाका ठरला. सदाशिव पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरचा हॉल मार्चच्या मध्यात शुक्रवार ते रविवार मिळतो आहे. नऊ फलक, हेडफोन लावून ऐकायच्या चार जागा, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी दीड तासाचं श्रवणसत्र, रविवारी सकाळी मुलींसाठी मराठी रॅपची कार्यशाळा. प्रवेश विनामूल्य.

इथे क्वीन लतीफाचं नाव घेतलं की मोठ्यांना ‘शिकागो’ चित्रपटातली तुरुंगाची मेट्रन आठवते आणि मुलांना ‘आइस एज’मधल्या एलीचा आवाज. १९८९ साली, एकोणिसाव्या वर्षी तिने काढलेला रॅपचा अल्बम फार थोड्यांनी ऐकला आहे. त्यामुळे ‘आधी रॅप केला, मग तो सोडून अभिनेत्री झाली’ एवढंच चित्र डोक्यात राहतं. ते चूक आहे आणि ते कानांनीच खोडून काढायचं आहे. त्यासाठी हे प्रदर्शन.

१५ जानेवारी

पहिल्या फलकाचा मजकूर. जन्म १८ मार्च १९७०, न्यू जर्सीतलं नेवार्क. मूळ नाव डेना इलेन ओवेन्स. आई रीटा शिक्षिका, वडील लान्सलॉट पोलीस खात्यात. ‘लतीफा’ हे नाव तिने आठव्या वर्षी अरबी नावांच्या एका पुस्तकातून स्वतः निवडलं. अर्व्हिंग्टनच्या हायस्कुलात बास्केटबॉल, आणि ‘लेडीज फ्रेश’ या मुलींच्या गटात बीटबॉक्सिंग.

बीटबॉक्सिंगचा तपशील फलकावर मोठ्या अक्षरात घ्यायचा. तोंडाने ठेका धरणारी मुलगी शब्दांकडे वळली की ती शब्द ठेक्याच्या अंगाने टाकते. लतीफाच्या सुरुवातीच्या रॅपमध्ये वाक्य लांबलं तरी चौथा ठोका सुटत नाही, आणि ओळ संपल्यावर ती श्वास लपवत नाही. मोकळी जागा तशीच सोडते, तिथे ड्रम ऐकू येतो. श्रवणसत्रात हे दाखवायला एकच कडवं दोनदा लावायचं: एकदा शब्दांकडे लक्ष देऊन, एकदा फक्त थांब्यांकडे.

१९ जानेवारी

हॉलची मांडणी. सुरुवातीचा आराखडा असा होता की डाव्या भिंतीवर संगीत, उजव्या भिंतीवर अभिनय. कागदावर नीटनेटका दिसतो, पण १९९३ साल मांडायला घेतलं की मोडतो.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये फॉक्स वाहिनीवर ‘लिव्हिंग सिंगल’ ही मालिका सुरू झाली. त्यात लतीफा खदीजा जेम्स होती, ब्रुकलिनमध्ये स्वतःचं मासिक चालवणारी संपादक. मालिकेची निर्माती-लेखिका इव्हेट ली बाउझर, आणि शीर्षकगीत खुद्द लतीफाच्या आवाजात. लगेच नोव्हेंबरमध्ये मोटाउन कंपनीकडून ‘ब्लॅक रेन’ हा तिसरा अल्बम आला. त्यातल्या ‘यू.एन.आय.टी.वाय.’ (युनिटी, म्हणजे एकजूट) या गाण्याला १९९५ साली सर्वोत्कृष्ट एकल रॅप सादरीकरणाचं ग्रॅमी मिळालं. म्हणजे बायकांना रस्त्यात छेडणाऱ्याला, घरात हात उगारणाऱ्याला आणि शिवी घालणाऱ्याला तोंडावर जाब विचारणारं गाणं आणि दर आठवड्याला घराघरांत हसवणारी मालिका, दोन्ही एकाच बाईचं एकाच हंगामातलं काम. दोन भिंतींवर लावलं तर हे दिसणारच नाही.

निर्णय: भिंती वर्षांनुसार. १९९३चा फलक प्रवेशद्वारासमोर, इतरांच्या दुप्पट रुंदीचा. ‘ब्लॅक रेन’ तिने १९९२ साली मोटरसायकल अपघातात गेलेल्या भावाला अर्पण केला आहे, तेही याच फलकावर. विनोदी मालिकेचं चित्रीकरण आणि हा शोक एकाच काळातले आहेत.

‘लिव्हिंग सिंगल’ पाच हंगाम, ११८ भाग चालली आणि जानेवारी १९९८ मध्ये संपली. शहरात एकत्र राहणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या मालिका म्हटलं की लोक ‘फ्रेंड्स’ म्हणतात. ती त्याच स्टुडिओची, आणि वर्षभराने नंतरची. हे एक वाक्य फलकावर राहू द्यायचं.

२४ जानेवारी

दुसरा फलक: ध्वनी कसा बनला. लतीफाचं पहिलं काम मार्क ‘द ४५ किंग’ या डीजे-निर्मात्याबरोबर झालं. ४५ म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांनी फिरणाऱ्या छोट्या तबकड्या. न्यू जर्सीतल्या रॅपर-डीजेंचा ‘फ्लेवर युनिट’ हा गट त्याच्याभोवती जमला होता. तिचा डेमो, म्हणजे चाचणीचं ध्वनिमुद्रण, फॅब फाइव्ह फ्रेडीपर्यंत गेला. तो तेव्हा ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ या टीव्ही कार्यक्रमाचा सूत्रसंचालक होता. तिथून टॉमी बॉय कंपनीने तिला करारबद्ध केलं. १९८८ मध्ये ‘रॅथ ऑफ माय मॅडनेस’ हे पहिलं सिंगल (सुटं गाणं) आलं, १९८९ मध्ये ‘ऑल हेल द क्वीन’.

या फलकासोबत एक प्रात्यक्षिक ठेवायचं: त्या काळात नमुना, म्हणजे सॅम्पल, कसा कापत. तेव्हाच्या न्यूयॉर्क परिसरातल्या स्टुडिओंत ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर फार वापरात होता. १२ बिट, २६ किलोहर्ट्झच्या आसपास नमुनादर, एकूण साठवण जेमतेम १० सेकंद आणि एका तुकड्याला जास्तीत जास्त अडीच सेकंद. मिनिटाला ९६ ठोक्यांच्या लयीत चार ठोक्यांचा एक बार बरोबर अडीच सेकंदांचा होतो. म्हणजे एक बार मावतो, त्यापुढे काही नाही. मग तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी ४५ वर फिरवून नमुना घ्यायचा. वेळ १.३५ पटीने आटतो, अडीच सेकंदांचा बार १.८५ सेकंदांत बसतो, आणि यंत्रात तो पुन्हा सावकाश वाजवायचा. सूर आधी साधारण पाच अर्धस्वर वर जातो, नंतर तेवढाच खाली येतो. या चढ-उतारात वरच्या पट्टीचा चकाकता भाग गळतो आणि ड्रम जाड, खरबरीत होतो. त्या वर्षांतल्या रॅपचा तो ओळखीचा मळकट ठेका बऱ्याच अंशी साठवणीच्या टंचाईतून आलेला आहे.

प्रात्यक्षिकासाठी कुणाचंही ध्वनिमुद्रण वापरायचं नाही. तबल्यावर कहरव्याचं एक आवर्तन मिनिटाला १९२ मात्रांच्या गतीने वाजवून घ्यायचं. आठ मात्रा अडीच सेकंदांत बसतात, म्हणजे नेमका एक बार. संगणकावर त्याची गती १.३५ पट करायची, १२ बिट आणि २६ किलोहर्ट्झला उतरवायचं, मग गती पूर्ववत करायची. मूळ आणि उतरवलेला तुकडा दोन बटणांवर ठेवायचे. इथे एक जागा चुकते: संगणकाचा ‘सूर न बदलता गती बदला’ हा पर्याय चालू राहिला तर परिणामच ऐकू येत नाही, कारण जुन्या यंत्रात गती आणि सूर एकत्रच बदलत. तो पर्याय बंद हवा.

३० जानेवारी

हक्क. गाणं लोकांसमोर वाजवायचं तर दोन वेगळ्या परवानग्या लागतात: ध्वनिमुद्रणाची एक, शब्द आणि चालीची दुसरी. एकीची पावती दाखवून दुसरीतून सुटका होत नाही. दोन्हींचे अर्ज गेले. अर्जासोबत गाण्यांची यादी, मूळ कंपनी, प्रत्येक गाण्याचा कालावधी, हॉलची आसनसंख्या आणि प्रवेशमूल्य शून्य असल्याचं पत्र जोडलं. यादी नंतर बदलली तर अर्ज पुन्हा करावा लागतो, म्हणून श्रवणसत्रातली गाणी आजच पक्की केली.

चित्रपटांची दृश्यं दाखवायची नाहीत. त्यांचे हक्क आणखी निराळे, खर्च आवाक्याबाहेर, आणि खरं तर गरजही नाही. या प्रदर्शनात अभिनयसुद्धा ऐकायचा आहे. गाण्याचे शब्द फलकावर छापायचे नाहीत, आशय मराठीत आपल्या शब्दांत सांगायचा.

४ फेब्रुवारी

‘पहिली’ हा शब्द कुठे वापरायचा याची छाननी. उत्साहाच्या भरात हा शब्द सैल पडतो आणि मग जिने खरोखर आधी केलं तिच्यावर अन्याय होतो.

लतीफा पहिली स्त्री रॅपर नव्हे. ब्रॉन्क्सच्या ‘फंकी फोर प्लस वन’मधली शा-रॉक तिच्या कितीतरी आधीची. तो गट फेब्रुवारी १९८१ मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात आला होता. रॉक्झॅन शांटेने १९८४ साली, चौदाव्या वर्षी, जाहीर उत्तर देणारं रॅप करून खळबळ उडवली. सॉल्ट-एन-पेपा या मुलींच्या गटाचा अल्बम १९८६चा. एमसी लाइटचा ‘लाइट ॲज अ रॉक’ १९८८चा, एकट्या स्त्री रॅपरचा पहिला पूर्ण अल्बम म्हणून तोच धरला जातो. ही चारही नावं पहिल्या फलकाच्या वरच्या पट्टीत, लतीफाच्या नावाच्या आधी.

मग तिच्या नावावर ‘पहिली’ कुठे येतं? अभिनयासाठी ऑस्कर नामांकन मिळालेली पहिली स्त्री रॅपर, ‘शिकागो’साठी. ‘ऑल हेल द क्वीन’ २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत गेला, स्त्री रॅपरचा हा मान मिळालेला पहिला अल्बम. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केनेडी सेंटरचा सन्मान, तोही स्त्री रॅपरला पहिल्यांदा. एवढंच लिहायचं. एवढं पुरेसं मोठं आहे.

८ फेब्रुवारी

हॉलची मोजणी. २० फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच, खाली शहाबादी फरशी, भिंतींना चुन्याचा गिलावा. टाळी वाजवली की घुमते. बोललेलं व्याख्यान इथे कसंबसं चालेल, रॅप चालणार नाही, कारण रॅपमध्ये सेकंदाला सहा-सात अक्षरं येतात आणि एकाची शेपटी पुढच्यावर चढते.

खालच्या स्वरांचं गणित: लांबीमुळे २८ हर्ट्झला, रुंदीमुळे ४७ला, उंचीमुळे ५६ला खोली स्वतः गुणगुणते. पहिला आकडा आपल्या स्पीकरच्या पोहोचीखालचा, त्याची चिंता नाही. बाकीचे दोन नेमके किक ड्रमच्या जागेवर. त्यात स्पीकर कोपऱ्यात ठेवले तर ठोका सुटा न वाजता ‘धुम्म’ असा लांबतो. लतीफाचा आवाज बायकांच्या सरासरीपेक्षा खालच्या पट्टीतला आणि भरदार, त्यामुळे या घुमीत तिचेच शब्द आधी बुडतात. एखाद्या पातळ आवाजाच्या गायिकेचे बुडले नसते.

उपाय: स्पीकर १२ फुटी भिंतीसमोर, पण भिंतीपासून अडीच फूट पुढे, कोपऱ्यांपासून तीन फूट आत. फरशीवर जाड सतरंज्या. मागच्या भिंतीवर दोन गोधड्या, भिंतीला चिकटवून नव्हे, चार इंच अंतर ठेवून, म्हणजे मधली हवाही काम करते. गोधड्या खालचे स्वर शोषत नाहीत, त्यासाठी इक्वलायझरवर (निरनिराळे स्वर वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) ५६ हर्ट्झला ३ डेसिबल आणि २२० हर्ट्झच्या आसपास २ डेसिबल कमी करायचे. याहून जास्त कापलं तर तिच्या आवाजातला मांसलपणाच जातो.

१० फेब्रुवारी

शेजार. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा, आणि त्या सुमारास दहावीच्या परीक्षा चालू असतील. सत्र संध्याकाळी साडेसहा ते आठ. रस्त्याकडच्या खिडक्या बंद, मोजणी खिडकीबाहेर.

१५ फेब्रुवारी

चार श्रवणजागांचा साठा ठरला. पहिल्या जागी १९८८-८९: ‘रॅथ ऑफ माय मॅडनेस’ आणि ‘लेडीज फर्स्ट’. दुसऱ्या जागी १९९३: ‘यू.एन.आय.टी.वाय.’ आणि लगेच ‘लिव्हिंग सिंगल’चं शीर्षकगीत. तिसऱ्या जागी ‘शिकागो’तलं मेट्रनचं गाणं आणि २००४च्या ‘द डेना ओवेन्स अल्बम’मधलं एक. चौथ्या जागी ‘बेसी’.

‘लेडीज फर्स्ट’ ऐकताना दोन आवाज ओळखता यायला हवेत: लतीफाचा जड आणि रुंद, लंडनहून आलेल्या मोनी लव्हचा वेगवान आणि वरच्या पट्टीतला. फलकावर व्हिडिओचं वर्णन हवं, कारण गाण्याचं राजकारण तिथे आहे. सोजर्नर ट्रूथ, हॅरिएट टबमन, अँजेला डेव्हिस, विनी मंडेला यांच्या प्रतिमा, आणि दक्षिण आफ्रिकेच्या नकाशावरून गोऱ्या सत्ताधाऱ्यांची प्यादी ढकलून तिथे आवळलेल्या मुठी ठेवणारी लतीफा. १९८९ साली नेल्सन मंडेला अजून तुरुंगात होते. बाईचा मान आणि वर्णद्वेषाविरुद्धचा लढा हे तिने एकाच चार मिनिटांत बांधले. एकोणीस वर्षांच्या मुलीच्या पहिल्याच अल्बममध्ये एवढी स्पष्टता असणं फार दुर्मीळ आहे.

पातळी. १९८९चं ध्वनिमुद्रण आणि २००० नंतरचं सलग लावलं की जुनं अशक्त वाटतं. ते अशक्त नाही. नंतरच्या काळात मास्टरिंग करताना, म्हणजे ध्वनिमुद्रणाला अंतिम रूप देताना, आवाज दाबून दाबून वर उचलायची चढाओढ लागली, म्हणून नवं मोठं वाटतं. सगळ्या फाइली उणे १८ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणल्या. जुन्या वर उचलल्या नाहीत, नव्या खाली आणल्या. जुन्या उचलल्या असत्या तर ड्रमची टोकं कापली जाऊन फटफट आली असती.

सामान बुधवार पेठेतून, तपकीर गल्लीतून: कानावर पूर्ण बसणारे ३२ ओहमचे आठ हेडफोन, चार दुभाजक, तीन मीटरच्या वाढीव वायरी. एका प्लेअरला दोन हेडफोन समांतर जोडले की रोध १६ ओहम होतो, छोट्या प्लेअरला तो ओढवत नाही, आवाज आणि बेस दोन्ही पडतात. दोघींनी एकत्र ऐकावं ही तर इच्छा आहे, म्हणून प्रत्येक जागी छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर.

२० फेब्रुवारी

‘फ्लेवर युनिट’चा फलक. कारकिर्दीचा कणा हा आहे आणि पडद्यावर तो दिसत नाही.

रॅपरच्या हाती गाण्याचे पैसे थोडे येतात. पैसा आणि निर्णय असतात ते व्यवस्थापनात, ध्वनिमुद्रणाच्या मालकीत आणि निर्मितीत. लतीफाने हे फार लवकर ओळखलं. शकीम कॉम्पेअर या साथीदाराबरोबर तिने मित्रांच्या टोळीचं ‘फ्लेवर युनिट’ हे नाव घेऊन कंपनी उभी केली. आधी इतर कलाकारांचं व्यवस्थापन, त्यात ‘नॉटी बाय नेचर’, मग चित्रपट आणि दूरचित्रवाणीची निर्मिती. ‘ब्यूटी शॉप’ (२००५), ‘जस्ट राइट’ (२०१०), ‘बेसी’ (२०१५) आणि सीबीएसवरची ‘द इक्वलायझर’ (२०२१ ते २०२५), या सगळ्यांत ती नायिका आहे आणि निर्मातीही. ‘इक्वलायझर’ हे मुळात १९८५ सालच्या, एका मध्यमवयीन पुरुषाच्या मालिकेचं नाव. ती भूमिका पन्नाशीतल्या कृष्णवर्णीय आईला मिळते, तेव्हा निवड करणाऱ्या टेबलावर कोण बसलं आहे हे पाहायला हवं.

फलकावर एक आकृती: मधे कंपनी, डावीकडून येणारी गाणी, उजवीकडे जाणारे चित्रपट. कंपनीचा रंग सर्व नऊ फलकांवर खालच्या पट्टीत सलग. एका फलकावरून दुसऱ्याकडे जाताना ती पट्टी तुटता कामा नये, म्हणून फलकांच्या कडेला समास नाही.

२५ फेब्रुवारी

छपाई. २ बाय ३ फूट, ५ मिलिमीटर सनबोर्ड, मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते आणि जोडाक्षरं वाचता येत नाहीत. मुख्य मजकूर ३० पॉइंट, ओळींतलं अंतर दीडपट, कारण देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी पुरतं ते अंतर इथे दाटतं. प्रत्येक फलकावर १५० शब्दांच्या आत. फलकाचा मध्य जमिनीपासून ४ फूट १० इंचांवर. छापखान्याला फाइल देताना अक्षरांचं बाह्यरेषेत रूपांतर करून द्यायचं, नाहीतर त्यांच्या संगणकावर ‘र्‍य’ आणि ‘ॲ’ फुटतात.

१ मार्च

तिसऱ्या श्रवणजागेचा फलक पुन्हा लिहिला. ‘शिकागो’ रॉब मार्शलचा, २००२चा. मूळ संगीतिका कँडर आणि एब या जोडीची, १९७५ची. मेट्रन ‘मामा’ मॉर्टनच्या भूमिकेसाठी लतीफाला सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं, पुरस्कार त्याच चित्रपटासाठी कॅथरिन झीटा-जोन्सला गेला. हे सगळं माहितीचं. ऐकायचं काय, ते नीट सांगायला हवं: मामाचं गाणं संथ, डुलणाऱ्या ठेक्यावर आहे, आणि लतीफा ओळीचा शेवट ठोक्याच्या किंचित मागे ठेवते. हे मागे राहणं म्हणजे सत्ता. जिला घाई नाही तिच्याच हातात किल्ल्या असतात. रॅपमध्ये चौथा ठोका न सोडणारी बाई इथे तोच ठोका मुद्दाम लांबवते. ठेक्यावर एवढी पकड नसती तर ते ढिलं वाटलं असतं.

मधला दुवा ‘सेट इट ऑफ’ (१९९६) हा चित्रपट: बँक लुटणाऱ्या चौघींपैकी क्लीओ. तिथे गाणं नाही, तरी संवादांची फेक रॅपरचीच आहे. वाक्य तोडायच्या जागा ऐकाव्यात. २०००च्या दशकातल्या हलक्याफुलक्या चित्रपटांना एक ओळ पुरे. २००७चं ‘हेअरस्प्रे’ तेवढं वेगळं, त्यातलं गाणं सत्रात घेतलं आहे.

‘द डेना ओवेन्स अल्बम’ला जॅझ गायनाच्या विभागात ग्रॅमी नामांकन मिळालं होतं. त्यावर तिने जन्मनाव घातलं.

५ मार्च

चौथी जागा. ‘बेसी’ हा एचबीओचा चित्रपट, दिग्दर्शन डी रीस यांचं, विषय ब्लूज गायिका बेसी स्मिथ (१८९४-१९३७). सर्वोत्कृष्ट दूरचित्रवाणी चित्रपटाचं एमी मिळालं, आणि निर्माती म्हणून त्यात लतीफाचा वाटा आहे. त्याआधी २००७चा ‘लाइफ सपोर्ट’: एचआयव्हीसह जगणाऱ्या ब्रुकलिनच्या बाईची गोष्ट, त्यासाठी तिला गोल्डन ग्लोब. दिग्दर्शक नेल्सन जॉर्ज, जे हिप-हॉपचे जुने जाणकार लेखक. रॅपच्या वर्तुळातली माणसंच तिच्या सर्वांत गंभीर भूमिकेमागे होती.

९ मार्च

कार्यशाळेची तयारी. वीस मुली, अडीच तास, एक माइक, एक स्पीकर, प्रत्येकीला १६ घरांचा कागद. एक बार म्हणजे चार ठोके, प्रत्येक ठोक्याची चार घरं. अक्षर ज्या घरात पडतं तिथे लिहायचं, थांब्याचं घर रिकामं.

मराठीत रॅप लिहिताना अडचण क्रियापदाची होते. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक फुकटात मिळतं: जाते, खाते, गाते. चार ओळींत कान कंटाळतो. क्रियापद ओळीच्या पोटात घ्यायचं आणि शेवटी नाम ठेवायचं. नमुना म्हणून फळ्यावर हे दोन बार:

सकाळचा क्लास अन् पाठीवर दप्तर,
प्रश्न जर विचारलास, घेऊन जा उत्तर.

दप्तर, उत्तर: जोडाक्षरामुळे आधीचं अक्षर जड होतं आणि ते अचूक चौथ्या ठोक्यावर बसवता येतं. शेवटचं अक्षर त्यानंतर आपोआप गळतं, श्वासाला जागा मिळते. मिनिटाला ९० ठोक्यांवर सोळा बार सुमारे ४३ सेकंदांचे होतात. दर दोन बारांना, म्हणजे सुमारे सव्वापाच सेकंदांना, श्वासाची खूण.

माइकची जाळी मुठीत धरायची नाही. दिसायला रुबाबदार, पण मागून येणारा आवाज अडवणारी छिद्रं झाकली जातात, माइक चहूकडून ऐकू लागतो आणि शिट्टी वाजते. भ, फ, प या अक्षरांचा झोत सरळ जाळीवर आला की ढप्प आवाज येतो. माइक ओठांपासून दोन बोटं, थोडा तिरका.

विषय काय घ्यायचा, असं मुली विचारतील. जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह इथेच, पुण्यातल्या अभ्यासकांनी उभा केला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांचं ते काम. त्यात बाई स्वतःच्या आवाजात भावाला, सासूला, नवऱ्याला थेट संबोधून बोलते. ‘यू.एन.आय.टी.वाय.’मध्ये लतीफा हेच करते: समोरच्याला उभं करून त्याच्याशी बोलते, त्याच्याविषयी नाही. पहिला स्वाध्याय तोच. एक माणूस निवडा, त्याला नावाने नाही तर नात्याने हाक मारा, आणि चार बारांत एकच गोष्ट सांगा.

१३ मार्च, शुक्रवार

हॉल भरल्यावर खोलीचा आवाज बदलला. चाळीस माणसं बसली की वरच्या पट्टीतली घुम जवळपास जाते, खालची तशीच राहते. रिकाम्या हॉलमध्ये ठरवलेली पातळी त्यामुळे बोथट वाटते. उद्या ३ किलोहर्ट्झला दीड डेसिबल वाढ. दुसऱ्या श्रवणजागेवर रांग लागते आहे. गाणं संपून शीर्षकगीत सुरू झालं की लोक मान वर करून १९९३चा फलक पुन्हा वाचतात. तिथे तिसरा हेडफोन जोडला.

१४ मार्च, शनिवार

सुधारलेल्या पातळीवर शब्द मागच्या रांगेपर्यंत सुटे पोहोचले. खिडकीबाहेर मोजणी मर्यादेत. बऱ्याच जणांनी शा-रॉक आणि एमसी लाइट यांच्याविषयी विचारलं. वरची पट्टी वाचली जाते आहे.

१५ मार्च, रविवार

कार्यशाळा. सोळा घरांचा कागद चालला, पण पहिल्या तासात बहुतेकींनी सगळी घरं भरून टाकली. रिकामं घर ठेवायला सांगूनही राहत नाही. ठेका बंद करून नुसत्या टाळ्यांवर म्हणायला लावलं की धाप लागते आणि घरं आपोआप मोकळी होतात. पुढच्या वेळी सुरुवातच टाळ्यांपासून. आईला, बसमधल्या माणसाला आणि क्लासच्या सरांना उद्देशून लिहिलेले बार सर्वांत धारदार होते. ‘समाजाला’ उद्देशून लिहिलेले सगळे सैल पडले.

आवराआवर: फलक उभे, मधे बटर पेपर. आडवे रचले तर उन्हाळ्यात लॅमिनेशन एकमेकांना चिकटतं. हेडफोनच्या गाद्या स्पिरिटने पुसायच्या नाहीत, रेक्झिन तडकतं. किंचित साबणाचं ओलं फडकं पुरतं. दुसऱ्या गावी नेताना १९९३चा दुप्पट रुंदीचा फलक दोन तुकड्यांत छापून घ्यावा लागेल, टेम्पोत एकसंध बसत नाही. जोड मालिका आणि अल्बम यांच्या मधोमध येऊ द्यायचा नाही, ‘ब्लॅक रेन’च्या उजवीकडे घ्यायचा.